बंदूकधारकांची पत्रे आणि उत्तरे

राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारात मी आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो. निवृत्तीनंतर अमळनेरला राहतो आणि लायसन्सधारक शेतकरी सल्ला विचारायला अजून येतात. या अंकासाठी आलेली पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं लिहितो आहे.

रावेरचे केळी उत्पादक: आजोबांच्या वेळची विलायती १२ बोर दुनळी आता माझ्या लायसन्सवर आहे. दुकानातली नवी काडतुसं आत नीट बसतात, मग वापरायला हरकत नाही ना?

हरकत आहे, भाऊ. काडतूस बसलं म्हणजे ते त्या बंदुकीचं झालं असं नाही. जुन्या दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, बहुतेक वेळा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची बरीच काडतुसं ७० ची असतात. डब्यावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, म्हणजे तोंड उघडल्यावरची असते. भरताना तोंड मिटलेलं असल्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं. चाप ओढला की ते तोंड नळीच्या निमुळत्या भागात उघडतं, छर्रे जायची वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो.

नळ्या उतरवून खालच्या सपाट बाजूवरचे ठसे बघा. चेंबरची लांबी आणि नळी कोणत्या दारूसाठी तपासली होती, हे तिथे कोरलेलं असतं. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड-पोलादाचे पट्टे गुंडाळून घडवलेली आहे. असल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या बिनधुराच्या काडतुसांचा दाब त्यांना सोसवेलच याचा भरवसा नसतो. ठसे वाचता येत नसतील तर लायसन्सधारक गनस्मिथकडून चेंबर आणि नळीची जाडी मोजून घ्या. तोवर एकही बार काढू नका.

घरात २० बोरचीही बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ पेक्षा बारीक असतं, त्यामुळे ते १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते, तो १२ चं भरतो आणि नळी हातात फुटते. २० बोरची काडतुसं पिवळी ठेवण्याची पद्धत जगभर पडली ती याच अपघातामुळे.

शिरपूर: लग्नाच्या वरातीत हवेत दोन बार काढायची आमची घराण्याची रीत आहे. छर्रे वर जाऊन विरतात, त्यात धोका काय?

रीत बंद करा. छर्रे विरत नाहीत, खाली येतात. ६ नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटर जातो, एलजी काडतुसातला जाड छर्रा सहा-सातशे मीटर. नळी थोडी तिरकी झाली तरी तेवढ्या टापूत कुणाची तरी गच्ची, कुणाचा तरी मांडव असतोच. रायफलीची गोळी तर किलोमीटरच्या हिशेबात जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात हा वेगळा गुन्हाच झाला आहे: समारंभात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. लग्नाला आलेली पोरं वरातीच्या पुढेच नाचत असतात.

यावल: पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. रानडुकरांनी केळीची बाग उकरून टाकली. मारता येईल का?

तुमचं नुकसान मला ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं एकही शिवार त्यातून सुटलेलं नाही. तरीही बंदुकीचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे लेखी परवानगी लागते, तेव्हा आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. परवानगी हातात आली तरी रात्री नुसत्या आवाजावर बार काढू नका. केळीच्या बागेत दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि पाणी द्यायला गेलेला सालदारही पानं हलवतो. दिसलं, ओळखलं, आणि त्याच्या मागे काय आहे ते कळलं, तरच बोट चापावर जावं.

चोपडा: यजमान वारले. त्यांची बंदूक कपाटात आहे, मुलगा नोकरीसाठी पुण्यात असतो. काय करू?

ताई, ती आजच्या आज पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. लायसन्स यजमानांच्या नावावर होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं. मुलाला ठेवायची असेल तर त्याने स्वतःच्या नावे वारस म्हणून अर्ज करावा. इतर वारसांची संमती लागते. उचलण्याआधी माहीतगार माणसाकडून ती रिकामी आहे हे बघून घ्या. इतर वाचकांसाठी सांगतो: धारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की हयातीतच वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देता येतो. घरच्यांना असं अडचणीत टाकू नका.

नवापूर: पावसाळ्यात नळीला गंज चढतो. चामडी कव्हरात ठेवूनही.

कव्हरामुळेच चढतो. चामडं ओल धरून ठेवतं. कव्हर फक्त प्रवासात वापरा. बंदूक कोरड्या, कुलूपबंद कपाटात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. नळीत तेलाचा पातळ हात पुरे. जास्त झालेलं तेल खाली उतरून लाकडी दस्ता कुजवतं. पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला पुसा.

शहादा: लायसन्सला फार वेळ लागतो. सीमेपलीकडून गावठी कट्टा स्वस्तात मिळतो म्हणतात.

त्याला हातही लावू नका. कारागिराने साध्या नळीतून बनवलेलं ते हत्यार चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकतं, आणि नुसतं जवळ सापडलं तरी तुरुंग आहे.

भुसावळ: नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं पदक बघून तेरा वर्षांची मुलगी रायफल मागते आहे. लायसन्स लागेल का?

४.५ मिलिमीटर बोरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला लागत नाही. १० मीटर अंतराच्या स्पर्धेची रायफल याच हद्दीत येते. स्वप्नीलचं २०२४ चं कांस्य ५० मीटरचं होतं, पण मुलीने १० मीटरपासून सुरुवात करावी. तिथला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, म्हणून सुरुवातीचे महिने नेमापेक्षा उभं राहण्यात आणि श्वासावर ताबा आणण्यात जातील. एअर रायफलीनेही डोळा जातो, त्यामुळे घराच्या गच्चीवर सराव नको. क्लबमध्ये न्या, तिथलीच रायफल हातात घेऊ द्या आणि दस्ता तिच्या हाताच्या लांबीला बसतो का हे प्रशिक्षकाने बघितल्यावरच स्वतःची विकत घ्या.