मोटारसायकल पिकअपमध्ये चढवताना फळी किती लांब असावी?

प्रश्न : माझी मोटारसायकल सुमारे १५० किलो वजनाची आहे. ती दुरुस्तीला नेण्यासाठी मी व माझ्या मित्राने पिकअपच्या हौद्याला ६ फुटी फळी टेकवली आणि इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये गाडी चढवू लागलो. पुढचे चाक हौद्यात पोहोचले, पण मागचे चाक फळीवर असतानाच फळी निसटली आणि गाडी आडवी पडली. आम्हाला लागले नाही. गाडी इंजिनावर चढवावी की ढकलत? आणि हौद्यात ती साइड स्टँडवर उभी करून बांधली तर चालेल का?

उत्तर : आपण दोघे सुखरूप आहात, हे वाचून हायसे वाटले, कारण पडत्या गाडीला सावरायला हात पुढे करणे हा माणसाचा स्वभाव असतो आणि १५० किलोंची गाडी अंगावर आली की सर्वांत आधी पाय सापडतो. इंजिन की ढकलणे, हा प्रश्न नंतर घेऊ. आधी फळीचे पाहू, कारण चूक तिथे झाली आहे.

हौदा जमिनीपासून अडीच फूट उंच आहे असे धरले, तर ६ फुटी फळीवर ही गाडी नुसती रोखून धरायलाही सुमारे ६२ किलोंचा जोर लागतो. फळी ८ फुटी घेतली तर तो ४७ किलोंवर येतो आणि १० फुटी घेतली तर ३७ किलोंवर. चढ सौम्य झाल्याने फळी संपून हौदा सुरू होतो त्या कडेवर इंजिनाचा तळ किंवा सायलेन्सर घासण्याची शक्यताही कमी होते. माझ्या मते ८ फुटांहून आखूड फळी वापरूच नये. लांब फळी मिळत नसेल, तर पिकअपची मागची चाके एखाद्या खोलगट जागी उभी करावीत किंवा फळीचे खालचे टोक उंचवट्यावर टेकवावे. अडीच फुटांचा चढ २ फुटांवर आला की ८ फुटी फळी १० फुटी फळीचे काम करते.

आता फळी का निसटली ते पाहू. इंजिनाच्या जोरावर फिरणारे मागचे चाक गाडीला पुढे नेताना फळीला तितक्याच जोराने मागे रेटत असते. शिवाय पुढच्या चाकाचा भार हौद्यावर आला की पिकअप स्प्रिंगांवर दबते, आणि फळीचे वरचे टोक नुसते टेकवलेले असेल तर ते जागचे हलते. म्हणून ते टोक पिकअपच्या कड्यांना पट्ट्याने ताणून बांधणे अत्यावश्यक आहे. पिकअप गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. ओली फळी वापरू नये.

सर्वांत बिकट क्षण असतो तो पुढचे चाक हौद्यात गेल्यानंतरचा. त्या वेळी आपण जमिनीवरच असता, हँडल मात्र जवळजवळ डोक्याच्या उंचीला गेलेले असते. क्लच आणि ब्रेक बोटांच्या टोकांशी येतात आणि ताणलेल्या हातांत गाडी तोलण्याची ताकद उरत नाही. यासाठी गाडीच्या डाव्या बाजूला, चालत चढता येईल अशी दुसरी रुंद फळी लावावी आणि तीही बांधावी.

क्लचवर हात बसलेला असेल, तर गाडीच्या बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर इंजिनाची मदत जरूर घ्यावी. तसा सराव नसेल तर इंजिन बंद ठेवून तिघांनी ढकलणे बरे. गाडीवर बसून मात्र कधीही चढवू नये, आणि मागून ढकलणाऱ्याने चाकाच्या सरळ रेषेत न राहता बाजूला राहावे. मध्येच थांबावे लागले, तर केवळ पुढच्या ब्रेकवर विसंबू नये. चढावर भार मागच्या चाकावर जातो आणि हलके झालेले पुढचे चाक ब्रेक दाबूनही घसरते. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि क्लच हळूहळू सोडावा, म्हणजे मागचे चाक जागच्या जागी धरले जाते. उतरवतानाही हीच युक्ती वापरावी; इंजिन बंद, पहिला गिअर, आणि क्लच थोडा दाबत-सोडत गाडी मागे घेत जावी.

साइड स्टँडवर गाडी बांधू नये. पट्ट्यांचा ताण आणि रस्त्यावरचे धक्के यांचा सगळा भार त्या एका दांड्यावर येऊन तो वाकतो. स्टँड वर घेऊन, पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून गाडी सरळ उभी करावी. पुढच्या दोन्ही शॉकना जोडणारा जो खालचा जाड भाग असतो, ज्याला मेकॅनिक ‘टी’ म्हणतात, त्याला दोन रॅचेट पट्टे अडकवून ते हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत न्यावेत आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळत शॉक साधारण निम्मे दबवावेत. शॉक आधी दबवलेले नसतील तर खड्ड्यात ते एकदम दबतात, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि उघडा हुक कडीतून सुटतो. हँडलला पट्टे बांधू नयेत, कारण तिथल्या केबल दबतात आणि हँडलही वाकू शकते. मागून दोन पट्टे चासीला बांधून मागच्या कोपऱ्यांत न्यावेत, म्हणजे गाडीचा मागचा भाग उसळून सरकत नाही. पेट्रोलचा कॉक असल्यास बंद करावा. निघाल्यावर ५-१० किलोमीटरनी थांबून चारही पट्टे हाताने ओढून पाहावेत. नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्ये हमखास सैलावतात.