बेरीज नंतर कर

अगं,

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं 'हे मनाचं की मेंदूचं' या प्रश्नावर आणि तुझ्या अभ्यासातल्या त्या कंपवाताच्या गृहस्थांवर जेमतेम सहा ओळी. मला त्या सहा ओळींबद्दलच बोलायचंय.

पीएचक्यू-९ वर, म्हणजे नैराश्य तपासायच्या आपल्या प्रश्नावलीवर, त्यांना १४ गुण पडले. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, जास्तीत जास्त २७. दहाचा आकडा गाठला की आपण 'मध्यम नैराश्य' लिहून मोकळे होतो. पण ते गृहस्थ तुझ्याशी छान गप्पा मारत बसले, नैराश्य हा शब्द ऐकून 'मला?' म्हणाले, आणि तू गोंधळलीस. गाइडनी सांगितलं, असा एखादा निघतोच, विश्लेषणातून काढून टाक. तू मला विचारतेस, काढू का?

कागद वाचलास का? बेरीज म्हणत नाही मी, कागद. नाव झाकून त्याचा फोटो तू पाठवलायस, म्हणून मी वाचला. झोप ३. थकवा ३. भूक २. लक्ष न लागणं ३. हालचाली मंदावणं ३. झाले चौदा. उदास वाटणं, शून्य. कशात रस न वाटणं, शून्य. नैराश्याचे जे दोन मुख्य प्रश्न, त्यांनाच भोपळा, आणि बाकीचे गुण सगळे कंपवाताने मिळवून दिलेले! या आजारात रात्री अंथरुणात कूस बदलणं जड जातं, झोप मोडते. कित्येकांची वास घेण्याची क्षमता हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीच गेलेली असते, आणि वास गेला की जेवणात राम राहत नाही. हालचाल मंदावणं हे तर या आजाराचं मुख्य लक्षणच. त्या माणसाने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलंय. आपण त्या उत्तरांची मोळी बांधली आणि तिला चुकीचं नाव दिलं.

अपस्मारावर काम करणाऱ्यांच्या हे आधीच लक्षात आलं होतं. औषधांनी येणारी सुस्ती, विसरभोळेपणा आणि नैराश्य यांची सरमिसळ होऊ नये म्हणून २००६ मध्ये त्यांनी फक्त सहा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली, एनडीडीआय-ई. कुणीतरी बसून कागद वाचले असतील, म्हणूनच ती झाली.

आता उलट बाजूही ऐक, नाहीतर तू दुसऱ्या टोकाला जाशील. गप्पा छान झाल्या म्हणजे माणूस ठीक, असंही नाही. कंपवातात चेहरा गोठतो. आतून मजेत असलेला माणूस खिन्न दिसतो, आणि आतून खचलेल्याचं सगळे 'आजारपणामुळे तसं दिसतं' म्हणून सोडून देतात. शिवाय निरिच्छता हा तिसराच प्रकार: दुःख नाही, रडणं नाही, फक्त उठून काही करावंसं वाटत नाही. ती नैराश्याशिवायही असते. बायको म्हणते 'हे खचलेत', हे म्हणतात 'मी बरा आहे', आणि दोघंही खरं बोलत असतात. बेरजेत यातलं काही दिसत नाही.

जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तो सहा माणसांवर. त्यातली काही त्याने रस्त्यातच पाहिलेली, एक तर लांबूनच. चाल, थरथर, पुढे झुकलेलं अंग, सगळं इतकं अचूक टिपलंय की आजही वाचावं. आणि त्याच निबंधात तो सांगून गेला की संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. पुढे कितीतरी काळ लोक तेच धरून बसले. चाल लांबून दिसते. मनाचं काय चाललंय ते कळायला शेजारी बसावं लागतं.

मी तुला हे इतकं ठणकावून का सांगतेय, ते आता सांगते. मला ते लिहायला आवडत नाही.

माझ्या एका मोठ्या अभ्यासात मी वर्ष-दीड वर्ष चाचणीच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. हाताखाली साहाय्यक होते, ते कागद भरून घ्यायचे, बेरजा संगणकात चढवायचे, मी तक्ते बघायचे. एका गृहस्थांचे एकूण गुण ६. कटऑफच्या खाली, म्हणून 'नैराश्य नाही' या गटात. चौदा महिन्यांनी एका रिव्ह्यूअरच्या शंकेवरून मी जुने गठ्ठे उघडले तेव्हा तो कागद हाती आला. सहापैकी तीन गुण नवव्या प्रश्नाचे होते. नववा प्रश्न कोणता ते तुला माहीत आहे: मरून गेलो तर बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. त्यावर 'जवळजवळ रोज' या घरात बरोबरची खूण, इतकी दाबून केलेली की मागच्या बाजूने बोटाला लागत होती.

फोन केला. फोन त्यांनीच उचलला. मी कोण, कुठून, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्ही ते आत्ता वाचलंत?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

साहाय्यकाला मी दोष दिला नाही. त्याला बेरीज करायला मीच शिकवलं होतं, नववं उत्तर त्याच दिवशी बघायला शिकवलं नव्हतं. तुझ्या अभ्यासात हे कोण बघतं? नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आलं तर तो माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत कुणी त्याच्याशी बोलायचं, हे लिहून ठरवलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. उद्याच्या उद्या ठरव.

बरं, आता तुझी साडेतीन पानं. मनाचं की मेंदूचं. अगं, हा प्रश्न विचारून किती दिवस घालवणार आहेस? २००७ मध्ये एक मेंदूदाह नीट ओळखला गेला. त्यात शरीराची प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूंवरच, चाल करतात. भ्रम, संशय, आरडाओरडा अशा लक्षणांमुळे यातले कित्येक रुग्ण आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचतात, आणि प्रतिकारशक्तीवरचे उपचार वेळेत मिळाले तर बरेच जण सावरतात. उलट एखाद्याचा पाय लुळा पडतो आणि स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. त्याला 'हा पाय खाली दाब' म्हटलं तर जोर लागत नाही; 'दुसरा पाय वर उचल' म्हटलं की हाच पाय आपसूक खाली दाबला जातो. हूवर नावाच्या डॉक्टरने ही खूण १९०८ मध्ये सांगितली. तो माणूस सोंग करत नसतो. यातला कोण मनाच्या खात्यात, कोण मेंदूच्या? खाती आपण पाडली, विभाग आणि अनुदानं वाटून घ्यायला. तुझ्या गृहस्थांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना रात्री झोप हवीय.

म्हणून मेंदूचे स्कॅन काढणाऱ्या त्या इमेजिंगच्या प्रयोगशाळेत जायचं की नाही, हे जे तू विचारलंयस, त्यावर माझं मत सरळ आहे. जा, हवं तर. स्कॅनरशी माझं वैर नाही. पण एकच अट घाल: ज्यांचे मेंदू बघणार, त्यांच्यातल्या काही जणांच्या तरी चाचण्या मी स्वतः घेणार. नाही म्हणाले तर जाऊ नकोस. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या ब्रेंडा मिल्नरकडे हेन्री मोलेसन या रुग्णाचे आकडे होते. अपस्मारासाठी १९५३ मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर बुद्ध्यांक ११२, स्मृती-गुणांक ६७. तिथे थांबली असती तर 'स्मरणशक्ती गेली' एवढंच हाती राहिलं असतं. तिने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सराईत झाला, आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. स्मृती एक नसते, हे त्या टेबलाशी बसून कळलं.

तू म्हणशील, मॅडम, तुमच्या हट्टाने तुमचं काय झालं? झालं ना. त्या फोननंतर निम्म्याहून जास्त चाचण्या मी स्वतः घ्यायला लागले, आणि बरोबरीच्या लोकांनी तीन पेपर लिहिले तेव्हा माझा एक व्हायचा. पदं गेली, एक मोठं अनुदान गेलं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी व्याख्यानांत सांगते. वाटतं. ज्यांनी एकही रुग्ण न बघता नाव कमावलं, त्यांचे सत्कार मी मागच्या रांगेत बसून पाहिलेत आणि टाळ्या वाजवताना हात जड झालेत. कदाचित मी माझ्या संथपणाला तत्त्वाचं नाव दिलं असेल. तसं असलं तरी कागद वाचायचं तू सोडू नकोस.

तर त्या १४ गुणांच्या गृहस्थांना वगळायचं नाही. गाइडना दोन ओळी लिही: पाच शारीरिक लक्षणांचे गुण वेगळे, मनःस्थितीच्या प्रश्नांचे वेगळे, विश्लेषण दोन्ही पद्धतींनी करून फरक दाखवते. चिडतील. चिडू देत. गृहस्थांना पुन्हा भेट, शक्यतो औषधाचा डोस घेतल्यावर ठरलेल्या एकाच वेळी, कारण डोस उतरत आला की काही जणांचा मूडही उतरतो. बायकोशी वेगळं बोल, त्यांची परवानगी घेऊन.

आणि तुझ्या तक्त्यात ६४ जणांसमोर बेरजेचा एकच रकाना आहे, तो मी पाहिला. त्याच्या डावीकडे नऊ रकाने घाल आणि सगळे कागद स्वतः बसून चढव. दोन-तीन दिवस मोडतील. नवव्या रकान्यापासून सुरुवात कर, आणि काही सापडलं तर पत्र लिहीत बसू नकोस, मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.