वेनलॉक बुद्रुक, वेनलॉक खुर्द

ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. त्यातले तीन मी शेवटी चार ओळींत उरकणार आहे, हे आधीच सांगते. कारण तुम्ही जे वाक्य सहज लिहून पुढे गेलात, तिथेच मी अडकले: "मुलाला शाळेतून गावाच्या इतिहासाचा प्रकल्प दिलाय. तो म्हणतो, हे आपलं गावच नाही तर मी काय लिहू? सप्टेंबरमध्ये इथे हेरिटेजचे कार्यक्रम असतात, जुनी चर्च वगैरे उघडतात, पण ते त्यांचं. आपण जाऊन काय करणार?"

आठ वर्षं इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खेड्यात राहता. चर्चवरून रोज गाडी नेता आणि आत पाऊल नाही! मग दहा वर्षांच्या पोराने "आपलं गाव नाही" म्हटलं तर तो ते शिकला कुठून? रागवत नाही, पण थोडं रागवतेच. परक्या देवळात शिरतानाचा संकोच आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून त्याची उत्तरं आधी देते. चपला काढायच्या नाहीत. पुरुषांनी टोपी काढावी. प्रार्थना चालू नसेल तर फोटो चालतात. धर्म कुणी विचारत नाही. दाराजवळ पेटी असते, तीत एक-दोन पौंड टाकावेत, कारण छपराचा खर्च गावालाच झेपवावा लागतो.

आता मुलाचा मुद्दा. त्याला आधी गावांची नावं वाचायला लावा. तुमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मच वेनलॉक आहे आणि लिटल वेनलॉकही आहे. मच म्हणजे मोठं. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द लावतात, तेच हे. 'टन' म्हणजे वाडी, 'ली' म्हणजे जंगल तोडून काढलेली मोकळी जागा, 'होप' म्हणजे डोंगरांत शिरलेली बंद खोरी. 'वर्डीन' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि हा शेवट तुमच्या भागाची खास खूण: चेसवर्डीन, श्रावर्डीन. रविवारी गाडीत बसून पाट्या वाचायच्या आणि प्रत्येकीचं मराठी करायचं. आमच्या घरी इतिहासाची गोडी पुस्तकाने लागली नाही, पाट्यांनी लागली. धाकटी आजही नकाशा हातात आला की आधी खुर्द-बुद्रुक शोधते.

सप्टेंबरचे कार्यक्रम म्हणजे हेरिटेज ओपन डेज. इंग्लंडभर १९९४ पासून चालतात. साधारण दहा दिवस असतात आणि प्रवेश फुकट. एरवी कुलूप असलेल्या किंवा तिकीट लागणाऱ्या जागा या दिवसांत उघडतात: घंटांचे मनोरे, गिरण्या, जुनी सभागृहं, खाजगी वाडे. यादी उन्हाळ्यातच येते. घोटाळा होतो तो इथेच. लोक 'फुकट' वाचतात आणि त्या दिवशी थेट जाऊन उभे राहतात. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्यांना जागा मोजक्या असतात आणि त्या ऑगस्टमध्येच भरतात. म्हणून यादी आली की त्याच आठवड्यात नोंदणी करा. जमणार नसेल तर रद्द करा, कारण आयत्या वेळी न येणाऱ्यांमुळे स्वयंसेवकांचा फार हिरमोड होतो. मनोऱ्यावर चढायचं असेल तर मुलांसाठी वयाची किंवा उंचीची अट आहे का ते आधी वाचा.

एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या, एक छपराखालचं आणि एक उघड्यावरचं. चार घेतली की तिसऱ्यापासून मूल कुरकुरतं आणि दोष इतिहासाला लागतो. गाडी बहुधा शेतात लावावी लागते, म्हणून गमबूट न्या. खेड्यांत मोबाइलची रेंज दगा देते, नकाशा घरीच उतरवून घ्या. जुन्या चर्चमध्ये स्वच्छतागृह असेलच असं नाही, वाटेतलं हेरून ठेवा. डबा खुशाल न्या, पण चहा-केकच्या टेबलावर काहीतरी विकत घ्याच. तिथे बसलेल्या सत्तरीतल्या बाईंना मुलाने एवढंच विचारायचं: "तुम्ही लहान होतात तेव्हा इथे काय होतं?" त्या एका प्रश्नातून अर्धा प्रकल्प निघतो.

थडगी वाचताना एक चूक टाळा. अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू घासणं, पाणी ओतणं, ब्रश मारणं बंद. दगड मऊ असेल तर पापुद्रा निघतो. विजेरी बाजूने, दगडाला जवळपास चिकटवून धरा. तिरप्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नाव वाचता येतं. आत भिंतीवर पाद्र्यांच्या नावांची यादी लावलेली असेल तर १३४९ साल शोधा. एकाच वर्षात दोन-तीन नावं दिसली तर समजा, प्लेग त्या दारात आला होता.

आता माझ्या आवडीचा भाग. कंटाळू नका, शाळेत मुलाचं नाव यानेच होईल. गावाचा सातबारा शोधा. खरंच सांगते, इथे तो आहे. पूर्वी शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी पैशात ठरला आणि त्यासाठी बहुतेक गावांचे नकाशे काढले गेले. ते टाइद नकाशे. नकाशावर प्रत्येक शेताला फक्त क्रमांक असतो. मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव, पीक की कुरण आणि क्षेत्र, हे सगळं सोबतच्या वेगळ्या वहीत असतं. लोक नकाशाचा फोटो घेऊन घरी येतात आणि नुसत्या आकड्यांकडे बघत बसतात. वही मागायला विसरू नका. कसणाऱ्यालाच मालक समजण्याची चूकही नेहमी होते. रकाने दोन आहेत, दोन्ही उतरवा.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये दिलेलं असतं. घाबरू नका, आपलाच हिशोब आहे. ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर. आपला एकर ४० गुंठ्यांचा. म्हणजे एक रूड म्हणजे १० गुंठे आणि ४ पर्च म्हणजे एक गुंठा. वहीत ३ एकर २ रूड २० पर्च लिहिलं असेल तर ते ३ एकर २५ गुंठे. हे गणित मुलाकडून फोनवर आजोबांना करून दाखवा. ज्या आजोबांना नातवाच्या शाळेतलं काही कळत नाही, ते या विषयावर तासभर बोलतील. आमच्याकडे तर बोलणं थेट बांधाच्या भांडणापर्यंत गेलं होतं. शेतांची नावंही वाचा. तुमच्या भागात कुरणाला 'लेझो' म्हणत. ब्रिक किल्न लेझो म्हणजे वीटभट्टीचं रान. आज तिथे घरं असतील, तर तुमच्या मागच्या अंगणात विटांचे तुकडे का निघतात ते कळेल.

हे सगळं श्रूजबरीच्या कासल गेट्सवरच्या श्रॉपशर आर्काइव्हजमध्ये बघायला मिळतं. आधी वेळ घ्या, नाव-पत्त्याचा पुरावा न्या. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर ठेवावी लागते. फोटोंचे नियम आणि शुल्क सुरुवातीलाच विचारा. टाइद नकाशांनंतर पन्नासेक वर्षांनी निघालेले नकाशे घरबसल्या, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. तिथे जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी-शेजारी ठेवता येतं.

तुमच्या घरात पूर्वी कोण राहायचं ते जनगणनेत शोधा. १८४१ च्या नोंदीपासून सुरुवात करू नका. तिच्यात पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत आणि कोण कुणाचं काय लागतं ते लिहिलेलं नाही. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव मिळतं. सगळ्यात अलीकडची १९२१ ची. १९३१ ची जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे झालीच नाही. खेड्यात घरांना क्रमांक नसत, म्हणून पत्ता शोधू नका. शेजारच्या पब किंवा गिरणीचं नाव धरा आणि नोंदणीवाला ज्या क्रमाने चालला त्या क्रमाने घरं मोजा.

आणि "ते त्यांचं" म्हणता ना? श्रूजबरीच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे, १८६० चा. तो तुमच्याच काउंटीत मार्केट ड्रेटनजवळ जन्मला आणि मोर्टन सेच्या चर्चमध्ये पुरला आहे. पुतळ्याजवळ गेलात की प्लासी सांगणारे भेटतील. मुलाने त्यांना विजयदुर्ग सांगावा. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर हाच क्लाइव्ह तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर गेला होता. आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं, आणि पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते. हेही सांगावं, लपवू नये. श्रॉपशरच्या वर्गात ही बाजू मांडू शकेल असं ते एकच मूल असेल.

खेळांची आवड असेल तर मच वेनलॉकचं संग्रहालय दाखवा. डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० मध्ये तिथे ऑलिंपियन खेळ सुरू केले. क्रिकेट, फुटबॉल होतंच, शिवाय म्हाताऱ्या बायकांची धावण्याची शर्यत होती, बक्षीस एक पौंड चहा. १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबर्तँ ते बघायला आले होते, आणि त्यानंतर सहा वर्षांनी अथेन्सचं पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं.

उरलेले प्रश्न. सासूबाईंना कधी आणावं? सप्टेंबरमध्ये, हे काय विचारायचं! थंडी पडलेली नसते, आणि त्यांना जमिनीचं कळतं, टाइदची वही त्याच नीट वाचतील. मुलगा मराठीत उत्तर देत नाही? प्रकल्पाची एक प्रत मराठीत करायला लावा, वरचे शब्द आपोआप येतील. परत जावं की नाही, हे मात्र पत्रात नाही ठरत. दोघं शांतपणे बसा आणि आधी खर्चाचा कागद करा.

प्रकल्पात गावाचा नकाशा चिकटवाल तेव्हा शेतांची इंग्रजी नावं काळ्या शाईने आणि मराठी अर्थ हिरव्याने लिहा. बाईंनी विचारलं तर गुंठ्यांचं कोष्टक मागच्या पानावर असू द्या.