तोतये वगळले की मगच मोजणी

वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ समस्थानिकांची मोजणी

प्रश्न (अकरावीतली एक वाचक) : कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे. मग त्यातून निघणारे कण काउंटरने मोजले की जुन्या वस्तूचं वय कळायला हवं. त्यासाठी कणांना प्रचंड वेग देणारा, लाखो व्होल्टचा त्वरक कशाला?

तुझी शंका रास्त आहे. १९७७ पर्यंत सगळीकडे असंच मोजत होते. पण एक हिशेब करून बघ. नुकत्याच तोडलेल्या लाकडातला एक मिलिग्रॅम कार्बन घेतला, तर त्यात कार्बन-१४ चे साधारण ६ कोटी अणू असतात. अर्धायुष्य ५७३० वर्षं, त्यामुळे त्या ६ कोटींपैकी दिवसभरात फुटतात ते जेमतेम वीसेक. काउंटरला कळतात तेवढेच. उरलेल्यांची त्याला दादही लागत नाही. म्हणून पूर्वी कित्येक ग्रॅम कार्बन घेऊन दिवसचे दिवस थांबावं लागे. अणू फुटायची वाट न बघता ते सरळ मोजले, तर मिलिग्रॅमभर पुरतो, कधी त्याहूनही कमी.

खरी मेख पुढे आहे. ताज्या कार्बनमध्येसुद्धा कार्बन-१४ चं प्रमाण एक लाख कोटी अणूंमागे एखादा, एवढंच. आणि साध्या वस्तुमापीत, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, त्याच्या जागी जवळपास त्याच वस्तुमानाचे तोतये येऊन बसतात. पहिला तोतया नायट्रोजन-१४. हवेत तो भरपूर, आणि दोघांच्या वस्तुमानात फरक किती, तर सुमारे ८४ हजारांत एक भाग. इथे निसर्ग आपल्या मदतीला येतो. ग्राफाइटवर सीझियमच्या आयनांचा मारा केला की कार्बनचे ऋणभारित आयन सुटतात, पण नायट्रोजनला जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवता येत नाही. तो सुरुवातीलाच गळतो. मी गेली अनेक वर्षं हे नमुने तयार करते आहे, तरी या एका गुणधर्मावर केवढं अवलंबून आहे हे आठवलं की अजून नवल वाटतं.

दुसरे तोतये म्हणजे रेणू : कार्बन-१२ ला दोन हायड्रोजन चिकटले किंवा कार्बन-१३ ला एक, की वस्तुमान झालं १४. त्वरक लागतो तो मुख्यतः यांच्यासाठी. ऋण आयन त्वरकाच्या मधल्या धन टोकाकडे वेगाने खेचले जातात. तिथल्या विरळ वायूतून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात आणि रेणूंचे तुकडे होतात. आता धनभारित झालेले अणू त्याच टोकापासून दूर ढकलले जातात, म्हणजे एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग. अशा यंत्राला टँडेम त्वरक म्हणतात. पुढे चुंबकं तुकड्यांना बाजूला काढतात आणि डिटेक्टर कार्बन-१४ चा एकेक अणू मोजतो. कार्बन-१२ आणि १३ इतके असतात, की ते विद्युतप्रवाह म्हणूनच मोजतात. मग कार्बन-१४ चं त्यांच्याशी असलेलं गुणोत्तर प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहायचं.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनी सायक्लोट्रॉनने, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या त्वरकाने, अशी मोजणी करता येईल असं मांडलं. त्याच वर्षी रॉचेस्टर (अमेरिका) आणि मॅकमास्टर (कॅनडा) विद्यापीठांतल्या गटांनी टँडेम त्वरकावर कार्बन-१४ मोजून दाखवला. तेव्हा दशलक्षावधी व्होल्ट लागत. आता कार्बनपुरती २ लाख व्होल्टची, एका खोलीत मावणारी यंत्रंही आहेत.

प्रश्न (एक निवृत्त शिक्षक) : ही युक्ती सगळ्याच दीर्घायुषी समस्थानिकांना चालते का?

नाही सर, प्रत्येकाचा तोतया वेगळा. ॲल्युमिनियम-२६ आणि आयोडीन-१२९ यांचं नशीब कार्बनसारखं : मॅग्नेशियम आणि झेनॉन ऋण आयन होऊन येतच नाहीत. बेरिलियम-१० मागे बोरॉन-१० लागतो. तो वायूच्या कप्प्यात जास्त ऊर्जा गमावून आधी थांबतो आणि बेरिलियम पार होतं. क्लोरीन-३६ चा गंधक-३६ मात्र पक्का चिवट. यंत्राला पुरता आवरत नाही, म्हणून आम्ही रसायनवाले बेरियम घालून गंधक सल्फेटच्या रूपात आधीच खाली बसवतो आणि मग सिल्व्हर क्लोराइड तयार करतो. लेखांत बहुतेक वेळा यंत्राचाच फोटो छापला जातो, याचं मला वाईट वाटतं. निम्मी लढाई टेस्टट्यूबमध्येच जिंकलेली असते.

माझ्या मते या पद्धतीची सर्वांत मोठी कामगिरी लोह-६० ची. अर्धायुष्य २६ लाख वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी, म्हणजे जन्माच्या वेळचं लोह-६० केव्हाच संपलं; आज सापडलं, तर ते बाहेरून, फुटलेल्या ताऱ्यातून आलेलं. म्युनिकच्या मोठ्या त्वरकावर वायूने भरलेलं चुंबक वापरून त्याचा तोतया निकेल-६० वेगळा काढला गेला आणि पॅसिफिकच्या तळावरच्या लोह-मँगनीजच्या कवचात लोह-६० चे मोजके अणू सापडले. १९९९ आणि २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कवचाचा तो थर २० ते ३० लाख वर्षांपूर्वीचा. त्या सुमारास जवळपास कुठे तरी तारा फुटला आणि त्याची धूळ समुद्राच्या तळाशी बसली, हे सांगायला दुसरा कुठला साक्षीदार होता?

प्रश्न (जुनी हस्तलिखितं जमवणारे एक वाचक) : तपासणीला दिलेला तुकडा परत मिळतो का? देताना काय काळजी घ्यावी?

परत मिळत नाही. तो जाळून कार्बन डायऑक्साइड करतात, मग हायड्रोजन आणि लोहाच्या भुकटीच्या मदतीने त्याचं ग्राफाइट. पण लागतो अगदी थोडा. १९८८ मध्ये ट्युरिनच्या कफनाचे (येशूचं मानलं जाणारं कापड) छोटे तुकडे ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिक इथे तपासले आणि काळ निघाला इ. स. १२६० ते १३९०.

काळजी मात्र घ्याच. ज्यातला कार्बन-१४ केव्हाच संपला आहे अशा दगडी कोळशात १ टक्का आजचा कार्बन मिसळला, तर कोट्यवधी वर्षांचा कोळसा साधारण ३७ हजार वर्षांचा भासतो. तुमच्या पानांना गोंद, लाख किंवा टिकवण्यासाठी कसलं द्रावण लावलं असेल, तर ते काय आणि कधी लावलं हे लिहून कळवा. अगदी अंदाजाने का होईना, पण कळवा. शाईचा किंवा डिंकाचा भाग टाळून कोरा कोपरा निवडा, स्वच्छ चिमट्याने उचला आणि कापसात किंवा कागदात न गुंडाळता ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा.