तंबूतली पहिली रात्र : वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तंबूबद्दल विचारणारी पत्रं सुरू होतात. यंदाची बहुतेक पत्रं लहान मुलं असलेल्या आणि पहिल्यांदाच तंबूत राहायला निघालेल्या घरांतून आली आहेत. त्यांतले काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा डिसेंबरात भंडारदऱ्याला एक रात्र राहणार आहोत. दुकानात चार माणसांचा तंबू दाखवला. तो पुरेल का? घेताना काय बघावं? (डोंबिवली)

झोपायला पुरेल, पण सामानाला जागा उरणार नाही. ‘चार माणसांचा’ म्हणजे चार मोठी माणसं खांद्याला खांदा लावून आडवी होतील एवढंच. माणशी जेमतेम ६० सेंटीमीटर रुंदी धरलेली असते. पाच वर्षांचं मूल झोपेत घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं आणि बाकीचे तिघे तंबूच्या कापडाला चिकटतात. त्यामुळे चौघांसाठी सहा जणांचा तंबू बघा. घेण्याआधी तळाची लांबी-रुंदी विचारून या. घरी फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखा आणि चौघंही त्यात आडवे होऊन बघा, सॅकांसकट. पाच मिनिटांत निर्णय होतो.

दुसरं, तंबू दुहेरी हवा. आतला जाळीचा किंवा पातळ कापडाचा, त्यावर पाणी अडवणारा वेगळा फ्लाय आणि दोन्हींमध्ये वितभर नाही तरी चार बोटं मोकळी हवा. एकेरी कापडाचे स्वस्त तंबू दुकानात छान दिसतात, पण पहाटे आतून ठिबकतात. फ्लाय जमिनीपर्यंत आलेला आहे ना, हेही बघा. टोपीसारखा नुसता डोक्यावर बसणारा फ्लाय तिरका पाऊस अडवत नाही.

लेबलवर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, असा त्याचा अर्थ. हिवाळ्यातल्या मुक्कामाला १५०० चालतो. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसात जायचं असेल तर फ्लाय ३००० चा हवा. तळाचा आकडा फ्लायपेक्षा जास्त असावा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागी दाब खूप वाढतो. तळाचं कापड कडेने चार बोटं वर वळवून शिवलेलं हवं. शिवण जमिनीलगत असेल तर पाणी तिथूनच आत येतं.

प्रश्न : पहिल्याच वेळी तंबू लावताना फायबरचा पोल उभा चिरला. माल खराब होता की आमचं चुकलं? (नाशिक)

माल बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण फायबरचे पोल बहुतेक वेळा दोन कारणांनी चिरतात. पोलचे तुकडे आतल्या रबरी दोरीच्या ओढीने आपसूक जुळतात. पोल झटकून टाकला की ते ‘टक्‌ टक्‌’ बसतात आणि मुलांना ती गंमत फार आवडते. मात्र एखादा तुकडा धातूच्या टोपीत पूर्ण न जाता काठावरच अडकतो आणि पोल वाकवल्यावर सगळा ताण त्या काठावर येतो. म्हणून प्रत्येक जोड हाताने, शेवटपर्यंत दाबून बसवा. दुसरं कारण म्हणजे कापडाच्या नळीतून पोल ओढून घेणं. ओढला की जोड सुटतो आणि आतल्या आत तिरका अडकतो. पोल नेहमी मागून ढकलायचा आणि पुढचं कापड हाताने मागे सरकवत जायचं.

आवरताना घडी टोकापासून घालू नका. मधला जोड आधी सोडा, मग दोन्ही बाजूंनी बाहेरच्या दिशेने जा, म्हणजे रबरी दोरी सगळीकडे सारखी ताणली जाते. चिरलेल्या पोलसाठी बोटभर लांबीची, पोलपेक्षा किंचित जाड धातूची नळी मिळते. ती चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. ही नळी आणि चिकटपट्टी तंबूच्या पिशवीतच ठेवा.

निघायच्या आधीच्या रविवारी गच्चीवर सराव कराच. तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन कोपऱ्यांना बांधा. मुलांनाही कामं वाटून द्या. एकाने खुंट्या मोजायच्या, दुसरीने पोल जुळवायचे.

प्रश्न : सह्याद्रीत खुंट्या आत जातच नाहीत, किंवा गेल्या तर वाऱ्याने उपटतात. काय करावं? (सातारा)

खुंटी ४५ अंशात ठोका. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं आणि टोक तंबूकडे. म्हणजे दोरी तिला जमिनीत रुतवते, बाहेर ओढत नाही. बरेच जण नेमकं उलट ठोकतात.

कातळावर किंवा जांभ्यावर खुंटीचा नाद सोडा. वीतभर लांबीची जाड काटकी घ्या, दोरीचा फास तिच्या मधोमध बांधा, काटकी जमिनीवर आडवी ठेवा आणि दोरीच्या बाजूने तिच्यावर डोक्याएवढे दोन-तीन दगड रचा. नुसत्या दगडाला दोरी गुंडाळली तर ती धारेवर घासून तुटते. काटकीची दोरी घासत नाही. निघताना दगड जिथून उचलले तिथे परत ठेवा. काळ्या मातीत गंमत उलटी असते. कोरडी असताना ती खुंटी घट्ट धरते, पाऊस झाला की लोण्यासारखी सोडते. तिथे लांब खुंट्या वापरा आणि झोपण्यापूर्वी दोऱ्या एकदा ओढून बघा.

वारा जिकडून येतो त्या बाजूला तंबूची अरुंद, उतरती बाजू ठेवा. दार आडोशाच्या बाजूला.

प्रश्न : तलावाच्या अगदी काठावर तंबू लावला तर चालेल का? फोटो छान येतात. (पुणे)

फोटो काढा आणि झोपायला वर या. आपले बहुतेक तलाव धरणांचे आहेत. पावसाळ्यात भरलेलं पाणी पुढे आवर्तनं (धरणातून ठरावीक वेळी सोडायचं पाणी) सुटतात तसं मागे सरकतं आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून खपली वाळलेली, खाली मऊ चिखल. खुंटी तिथे टिकत नाही आणि लहान मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. पाण्यापासून निदान ५० पावलं लांब आणि पुरुषभर तरी उंच जागा निवडा. गार हवा जड असते, ती रात्री खोलगट भागात साचते, त्यामुळे उंचावरची जागा उबदारही राहते. धरणाच्या खालच्या नदीपात्रात, वाळू कितीही कोरडी आणि मऊ असली तरी, तंबू कधीही टाकू नका. पाणी सोडलं की ते अंधारात चढतं.

वर बघायलाही विसरू नका. वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ, दोन्हींपासून दूर राहा. मोहोळाखाली धूर केला तर पळायलाही वेळ मिळत नाही. भंडारदऱ्याच्या आसपासचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम करू नका. पहिल्या खेपेला गावकऱ्यांनी चालवलेली जागा घ्या. शौचालय असतं, मदतीला माणूस असतो. दुपारी चारच्या आत पोहोचा. अंधारात निवडलेली जागा सकाळी कशी निघेल, याचा भरवसा नसतो.

प्रश्न : मागच्या वर्षी दोन-दोन रजया घेऊनही मुलं रात्रभर कुडकुडली. आता जाड स्लीपिंग बॅग घ्यावी का? (ठाणे)

आधी खाली बघा. तंबूतली थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. रजई अंगाखाली दबली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेतच असते. वर दोन रजया आणि खाली नुसती सतरंजी असेल तर पाठ गारठणारच. हवा भरायची गादी मऊ असते, पण तिच्यात आतली हवा फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीकडे वाहून नेते. तिच्यावरही काहीतरी घालावं लागतं.

थर असे लावा : सगळ्यात खाली प्लास्टिकची ताडपत्री (तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान, नाहीतर बाहेर आलेल्या कडेवर दव आणि पाऊस साचून तळाखाली शिरतो). मग तंबू. आत माणशी एक बंद पेशींच्या (म्हणजे पाणी न शोषणाऱ्या) फोमची कॅरी मॅट, किमान ८ ते १० मिलिमीटर जाड. तिच्यावर घरची जाड गोधडी किंवा वाकळ. तिच्यावर माणूस आणि मग पांघरूण. दोन पांघरुणं असतील तर एक अंगाखाली घाला. फरक पहिल्या तासात कळतो.

स्लीपिंग बॅग घेतलीच तर लेबलवरचा ‘कम्फर्ट’ तापमानाचा आकडा बघा. मोठ्या अक्षरात छापलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे जीव वाचण्याची हद्द, झोप लागण्याची नव्हे. मुलांना झोपताना पूर्ण कोरडे कपडे, मोजे आणि कानटोपी घाला. दिवसभर खेळलेल्या कपड्यांत घाम मुरलेला असतो. झोपण्यापूर्वी लघवीला नेऊन आणा.

प्रश्न : सकाळी तंबू आतून ओलाचिंब होता. पाऊस तर नव्हता. कापड गळतं का? (नागपूर)

नाही. ते तुमच्या श्वासाचं पाणी आहे. चार जणांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर तरी बाष्प निघतं, आणि थंड कापडाला लागून त्याचे थेंब होतात. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की हे हमखास होतं. वरचे झरोके उघडे ठेवा, दाराची जाळी लावून त्याचं कापड वरून वीतभर खाली घ्या. ओले टॉवेल आत टांगू नका. फ्लायच्या दोऱ्या ताणून त्याला आतल्या कापडापासून सुटा ठेवा.

प्रश्न : थंडीत तंबूच्या आत लहान शेगडी ठेवली तर? दार थोडं उघडं ठेवू. (कोल्हापूर)

नको. कोळसा असो की गॅस, दार उघडं असो की बंद, नको. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, खोलीतल्या गॅस हीटरमुळे मृत्युमुखी पडले. तंबू खोलीपेक्षा कितीतरी लहान असतो, शिवाय त्याचं कापड पेट घेतं तेव्हा बाहेर पडायला काही सेकंदच मिळतात.

स्वयंपाक बाहेर, तंबूपासून चार-पाच पावलं लांब. गॅसच्या छोट्या कॅनवर चालणारी शेगडी असेल तर वाऱ्याला आडोसा करा, पण कॅनला चहूबाजूंनी वेढू नका. तापला तर फुटतो. २३० ग्रॅमच्या कॅनमध्ये वारा नसताना बारा-पंधरा लिटर पाणी उकळतं, वाऱ्यात त्याच्या निम्मंही उकळत नाही. म्हणून एका रात्रीलाही दोन कॅन न्या. चौघांना एक रात्र आणि सकाळ, पिणं-रांधणं-धुणं धरून, २० लिटरचा एक जार पुरतो.

प्रश्न : सापांची भीती वाटते. (रत्नागिरी)

भीती रास्त आहे आणि उपाय सोपा आहे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. शिवलेला तळ आणि बंद चेन असलेला तंबू हा त्यावरचा चांगला बंदोबस्त आहे, पण चेन दर वेळी, अगदी एका मिनिटासाठी बाहेर गेलात तरी, लावायची. खाण्याचं काही आत ठेवू नका. खाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप. रात्री बाहेर पडताना बूट आणि टॉर्च. बूट आधी उलटे झटका, विंचवासाठीही.

पहाटे कुणाच्या पोटात दुखतंय, पापण्या जड होताहेत, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर खूण शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. चावलेला भाग हलवू नका. कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. निघण्यापूर्वी सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळतं ते विचारून ठेवा आणि रात्री फोनला रेंज कुठे मिळते तेही बघा.

प्रश्न : घरी आल्यावर तंबू धुवावा का? (बेळगाव)

मशीनमध्ये कधीच नाही. थंड पाणी, मऊ फडकं, साबण जवळपास नाहीच. महत्त्वाचं धुणं नव्हे, वाळवणं. ओला गुंडाळलेला तंबू दोन दिवसांत बुरसतो, आणि वारंवार तसाच राहिला तर आतला पाणीरोधक लेप चिकट होऊन सुटू लागतो. त्याला परत आणता येत नाही. घरी पोहोचलात त्याच रात्री तो सोडा, दोरीवर टाका आणि दुसऱ्या दिवशी सावलीत पूर्ण वाळू द्या. कडक उन्हाने कापड कमजोर होतं. शिवणी आणि कोपरे बोटांनी दाबून बघा, ओल तिथेच शेवटी राहते. मग घट्ट पिशवीत न कोंबता सुती चादरीत सैल गुंडाळून कपाटात ठेवा.