धारणीत एक दिवस राहावं का? राहा, पण बाजाराचा दिवस धरून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून मेळघाटला येताय, सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत, सेमाडोहची सफारी झाल्यावर एक दिवस हातात उरतोय, तर तो धारणीत काढावा की सरळ चिखलदऱ्याला जावं, आणि धारणीत बघण्यासारखं काय आहे. मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ वर्षं काढली, माहेर परतवाड्याचं, त्यामुळे हा रस्ता आणि तो बाजार दोन्ही माझे रोजचे होते, म्हणून जरा लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी खरं ते सांगून टाकते. धारणीत पॉइंट नाही, किल्ला नाही, बोटिंग नाही. गाविलगड, कॉफीचे मळे, दऱ्या ते सगळं चिखलदऱ्याला. धारणी म्हणजे तालुक्याचं गाव, एक मोठा रस्ता, बसस्टँड, तहसील, आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय, कृषी केंद्रं, कापडाची आणि किराण्याची दुकानं, आणि एरवीच्या दिवशी दुपारी दोन वाजता इतकी शांतता की दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून झोपलेला दिसतो. अशा दिवशी जाऊन तासाभरात मुलं कंटाळतील, मग तुम्ही म्हणाल कुणी सांगितलं होतं इथं यायला. पण आठवडी बाजाराचा दिवस असेल तर तेच गाव ओळखू येत नाही. आजूबाजूच्या पाड्यांमधून, डोंगरापलीकडून, मध्य प्रदेशच्या बाजूनं सुद्धा माणसं उतरतात, कुणी जीपच्या टपावर, कुणी पहाटे चालत निघालेलं. म्हणून आधी वार पक्का करा आणि मग सफारीचं बुकिंग त्याच्या मागेपुढे लावा, लोक नेमकं उलट करतात. सणावाराला बाजार पुढेमागे होतो तेव्हा निघायच्या आधी लॉजवाल्याला फोन करून विचारून घ्या.

रस्त्याबद्दल. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून पुढे धारणी शंभरेक, पण हे शंभर पुण्याच्या हायवेचे शंभर नाहीत, घाट आहे, वळणं आहेत, जंगल आहे, तीन तास धरा. परतवाड्यात टाकी फुल करा, घरी फोन करून घ्या, कारण मध्ये बरीच पट्टी अशी आहे की मोबाईलला रेंज मिळत नाही. घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी असा क्रम आहे. अंधार पडायच्या आत पोचा, रात्री रस्त्यावर अस्वल, गवा, सांबर काहीही उभं असू शकतं. सेमाडोह-कोलकासला जी नदी तुमच्या बाजूनं वाहते ती सिपना. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग. मुलांना हे नदीपाशी थांबूनच सांगा, दोन्ही काठांना सागच साग दिसतो, वेगळं समजवावं लागत नाही. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या पाचही नद्यांचं पाणी शेवटी तापीत जातं.

आणि वाघाचं म्हणाल तर मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांमधला आहे, पण ताडोबासारखं गेटातून आत गेलं की वाघ असं इथं होत नाही, डोंगर उभे आहेत, झाडी दाट आहे, वाघ असतो पण दिसत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमुसणार नाहीत. त्याऐवजी गाइडला रानपिंगळ्याबद्दल विचारा. हे छोटं घुबड शंभरहून जास्त वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं, संपलं असंच सगळे धरून बसले होते, ते १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं, आणि मेळघाटात चौराकुंडच्या बाजूला ते चांगलं टिकून आहे. दिवसा फिरणारं घुबड आहे हे, त्यामुळे सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसलेलं दिसू शकतं. माझ्या वर्गातल्या पोरांना ते लांबूनच आवाजावरून ओळखू यायचं.

आता बाजार. सकाळी दहाच्या आधी पोचा. ज्यांना विकायचं असतं त्या बाया लवकर येतात, थोडंसं धान्य, थोड्या शेंगा, काही अंडी, एखादी कोंबडी, एवढंच घेऊन, आणि ते विकून आलेल्या पैशात मीठ, तेल, मिरची, साबण, पोरासाठी चप्पल घेऊन दुपारनंतर परत निघतात. म्हणजे एकच बाई सकाळी विकणारी असते आणि दुपारी घेणारी. हे डोक्यात ठेवून बाजारात फिरलात तर निम्मा बाजार आपोआप कळतो, की सकाळी रस्त्याच्या कडेलाच व्यापारी का उभे असतात (डोक्यावरचं गाठोडं बाजारात उतरायच्या आत विकत घ्यायला), आणि भांड्यांच्या दुकानात, चांदीच्या दुकानात गर्दी दुपारीच का होते. डिसेंबरात नवी कुटकी आलेली असते (भातासारखं शिजवून खातात ते बारीक भरडधान्य), तसंच दुसरं सावा असतं, तुरीच्या हिरव्या शेंगा, वालाच्या शेंगा, बोरं, आवळे. बांबूच्या टोपल्या आणि सुपं, विळे-कोयते, दोरखंड, घोंगड्या, सुकी मासळी. मोहफूल ताजं हवं तर मार्च-एप्रिलला यावं लागेल, तेव्हा सगळ्या बाजाराला तो गोड आंबूस वास असतो, अजूनही कुठं मोहाचा वास आला की मला माझी शाळा आठवते. डिसेंबरात वाळवलेलं मिळालं तर मिळेल, किसमिससारखं दिसतं, मुलांना एक चावून बघू द्या. मोहाची दारू मात्र कुणाकडे मागू नका, पाहुणा म्हणून गेलात तर ते शोभत नाही आणि समोरच्याला नसती अडचण होते.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. हा बाजार बघायला जाऊ नका, बाजार करायला जा. पिशवी घेऊन जा, सुटे पैसे घेऊन जा, दहा-वीसच्या नोटा भरपूर. एकदा माझ्याकडे नागपूरहून पाहुणे आले होते, चांगली माणसं, शिकलेली, त्यातल्या एकानं कडेला बसलेल्या एका म्हातारीचा फोटो अगदी दोन हातांवरून घेतला, न विचारता. तिच्यासमोर फडक्यावर कुटकीची छोटी रास होती, तीन-चार किलो असेल. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिनं तोंड झाकलं नाही हो, तिनं पदर काढून त्या कुटकीवर टाकला. चेहरा तसाच उघडा, आमच्याकडे बघतेय, आणि धान्य झाकलेलं. मी खाली बसले, विचारलं काय झालं आजी, तर म्हणाली, "बेचने को लाये, दिखाने को नहीं लाये." मी तिच्याकडून कुटकी घेतली, पण ते वाक्य नऊ वर्षांत आणि त्यानंतरही माझ्या डोक्यातून गेलं नाही. नंतर कितीतरी बाजारांना मी तिच्याशेजारी उकिडवी बसून गप्पा मारल्या, शेवटी तिनंच एकदा नातीला पुढे करून सांगितलं की हिचा फोटो काढ बाई.

हे इतकं का लिहिते त्याला कारण आहे. मेळघाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच आठवतं, कुपोषण. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून कॅमेरे येतच राहिले. प्रश्न खरा आहे, मी वर्गात बघितलाय, त्यावर आयुष्य घालवलेली माणसं पण इथं आहेत, बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे १९८० च्या दशकापासून आहेत, २०१९ ला दोघांना पद्मश्री मिळाली. पण वर्षानुवर्षं आपल्या पोराच्या हडकुळ्या हातांचेच फोटो निघताना बघितलेल्या आईला तुमचा कॅमेरा आणि आधीचे कॅमेरे वेगळे वाटणार नाहीत. तुमच्या मुलांना हे समजेल, तेरा वर्षांच्या मुलीला तर नक्कीच.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, बाजाराची बोली हिंदी आहे, निमाडी वळणाची, मराठी पण चालते. पण बाजूला दोन बाया एकमेकींशी बोलायला लागल्या की कान द्या, ती कोरकू. ती मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही, तिची नाती तिकडे झारखंडातल्या मुंडारी-संथाळीशी आहेत. कोरो म्हणजे माणूस, पुढे कू लागलं की अनेकवचन, म्हणजे कोरकू म्हणजे नुसतं "माणसं". मिया म्हणजे एक, बारी म्हणजे दोन. मुलांना एवढं पाठ करून जाऊ द्या, आवळ्याचा वाटा घेताना "मिया" म्हणू द्या, समोरची बाई हसून वर चार आवळे टाकते की नाही बघा. भाव करू नका, म्हणजे कपड्याच्या दुकानात खुशाल करा, पण जी बाई फडक्यावर बसलीय तिच्याशी पाच रुपयांसाठी नको.

खायला बाजारात गरम भजी, जिलेबी, शेव, आलूबोंडा, तर्री-पोहे, सगळं मिळतं, कढईतून निघालेलं समोर खा, पोट बिघडत नाही. साधी भाजी-पोळी-भात देणाऱ्या खानावळी बसस्टँडकडे आहेत. लॉज आहेत पण साधे आहेत, आईवडील सोबत असतील आणि गरम पाण्याची वगैरे खात्री हवी असेल तर मुक्काम सेमाडोहचं पर्यटन संकुल किंवा कोलकासच्या विश्रामगृहात करा आणि धारणी दिवसाचं करा. वनखात्याचं बुकिंग आधीच करायचं, वर्षअखेरीला खोल्या पटकन जातात. थंडी चांगलीच असते, नदीकाठी तर जास्त, कानटोप्या घ्या.

पाड्यात जायचं असेल तर ओळखीशिवाय घुसू नका, कुणी नेलं तरच. गेलात तर कोरकूंची गावरचना बघा, मधून एक सरळ रुंद रस्ता आणि दोन्हीकडे समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या ओळी, सारवलेली अंगणं इतकी स्वच्छ की चप्पल काढून चालावंसं वाटतं. गावाबाहेर एखाद्या झाडाखाली सागाच्या कोरलेल्या फळ्या उभ्या दिसल्या, त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार, तर त्यांना हात लावू नका, त्यावर बसू नका. त्यांना मुंडा म्हणतात, गेलेल्या माणसांच्या नावानं उभारलेले असतात.

तुमची तारीख ठरलीच आहे म्हणून, नाहीतर मी दोन दुसरे मोके सांगितले असते. एक दिवाळीनंतरचे बाजार, तेव्हा थाट्या म्हणजे गुराखी लोक सजून, घुंगरं बांधून, लांब बासऱ्या आणि ढोल घेऊन बाजारात नाचतात, त्याला घुंगरू बाजारच म्हणतात. आणि दुसरा होळीआधीचा. होळी हा इथला सगळ्यात मोठा सण, दिवाळीपेक्षा मोठा. पीक निघाल्यावर कामासाठी बाहेर गेलेली माणसं कुठंही असली तरी होळीला घरी येतात, माझा अर्धा रिकामा झालेला वर्ग त्या आठवड्यात एकदम भरून जायचा, पोरं नवे कपडे घालून दारात उभी. डिसेंबरात तुम्हाला काही पाडे ओस वाटतील, दारांना कड्या घातलेल्या, त्याचं कारण हेच, माणसं कामाला गेलेली असतात.

परत जाताना बाकी काही नाही घेतलं तरी दोन किलो कुटकी घ्या, आणि ती त्या फडक्यावरच्या बाईकडूनच घ्या. विचारून घ्या की कांडलेली आहे का, टरफलासकट असेल तर पुण्यात तुमच्याकडून ते निघणार नाही. घरी गेल्यावर ताटात पसरून खडे बघा, बारीक असतात आणि कुटकीच्याच रंगाचे असतात, मग चार पाण्यांतून धुवा, पाणी हळूच ओता नाहीतर अर्धी कुटकी मोरीत जाते. जरा तेलावर परतून दुपटीपेक्षा थोडं जास्त पाणी घाला, मीठ घाला, मंद ठेवा. पाणी आटलं की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण काढू नका, नाहीतर चिकट होते. वरून ताकाची कढी, लसणाची फोडणी जरा सढळ.