दावीद आणि नाथानच्या गोष्टीतून समुपदेशन करणाऱ्याने नेमकं काय शिकावं?

माझ्या मते सगळ्यात मोठा धडा हा की समोरच्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका, त्याचा निवाडा त्याच्याच तोंडून येऊ द्या. बायबलमधलं दुसरं शमुवेल, अध्याय 11 आणि 12 वाचा. इस्राएलचा राजा दावीद याने बथशेबेला बोलावून घेऊन तिच्याशी संबंध ठेवला, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत ऐन तोंडावर ठेवून मारवलं, आणि देवाचा संदेष्टा नाथान येतो तो ही यादी वाचत नाही, एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, जी त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची आणि श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. राजा भडकतो, म्हणतो चौपट भरपाई द्यायला लावा, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. हे शेवटचं वाक्य बरेच समुपदेशक गाळतात, नुसती गोष्ट सांगून गप्प बसतात, तिथेच फसतं. दावीदाची कबुलीही बघा, सबबी नाहीत, बथशेबेवर ढकलणं नाही.

अजून दोन गोष्टी:
- क्षमा लगेच मिळते (अध्याय 12, वचन 13), पण परिणाम टळत नाहीत, त्यामुळे 'माफ झालं म्हणजे सगळं पूर्ववत' असं आश्वासन देऊ नका.
- बथशेबेपासून झालेलं मूल गेल्यावर दावीद उठतो, अंघोळ करतो, जेवतो. पश्चात्ताप म्हणजे कायम स्वतःला झोडपणं नाही.

फक्त एक, ही पद्धत चूक करणाऱ्यासाठी आहे, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्यासाठी नाही. राजाने माणसं पाठवून आणवलेल्या बाईला पश्चात्तापाचे धडे द्यायला नाथान गेलेला नाही.